कामगाराचं मत परत मिळवायचं तर कुठली वाट? डेन्मार्क, ब्रिटन, जर्मनी, स्पेन आणि ऑस्ट्रिया

२८ एप्रिल २०१०. इंग्लंडमधलं रॉचडेल. प्रचाराला निघालेल्या पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना रस्त्यात पासष्टीच्या एक बाई भेटल्या. आयुष्यभर मजूर पक्षाला मत दिलेल्या, आता एकट्या. त्यांनी देशावरच्या कर्जाचं विचारलं, पेन्शनवरच्या कराचं विचारलं, नातवंडांच्या कॉलेजच्या खर्चाचं विचारलं. बोलता बोलता एक वाक्य पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांबद्दलही निघालं. ब्राउन हसतमुखाने निरोप घेऊन गाडीत बसले. कॉलरचा माइक मात्र चालूच होता. बाई कोत्या मनाच्या आहेत, असं ते सहाय्यकाला म्हणाले आणि ते देशभर ऐकू गेलं. त्याच दिवशी त्यांना बाईंच्या घरी जाऊन माफी मागावी लागली.

मला त्या संभाषणात कायम खटकत आलेली गोष्ट वेगळीच आहे. बाईंनी चार-पाच गाऱ्हाणी मांडली, ब्राउन यांच्या कानात त्यातलं एकच राहिलं. पुढे आलेल्या लोकानुनयी पक्षांनीही नेमकं तेवढंच एक उचललं. फरक इतकाच की ते म्हणाले, ‘बाई, तुमचं बरोबर आहे.’

युरोपात राहणारे, मताचा हक्क असलेले किंवा तिथल्या युनियनचे सभासद असलेले मराठी वाचक आता थोडेथोडके नाहीत. मत कुणाला द्यायचं, युनियनच्या बैठकीत कुठल्या बाजूने हात वर करायचा, हे त्यांना ठरवावं लागतं. लोकानुनयी पक्षांकडे गेलेलं कामगाराचं मत परत मिळवण्यासाठी वेगवेगळ्या देशांत धरलेल्या वाटा त्यांच्यासाठी शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे. माझा कौलही लपवणार नाही.

डेन्मार्कचं यश कुठून आलं

सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो डेन्मार्कचा. २०१५ मध्ये स्थलांतरविरोधी डॅनिश पीपल्स पार्टीला २१.१ टक्के मतं होती. त्याच वर्षी मेटे फ्रेडरिक्सन मध्यम-डाव्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या झाल्या आणि पक्षाने स्थलांतराबाबत कडक भूमिका घेतली. २०१९ मध्ये डॅनिश पीपल्स पार्टी ८.७ टक्क्यांवर आली, २०२२ मध्ये २.६ वर. आकडे पाहून कुणीही म्हणेल, हाच उपाय.

पण त्याच निकालाचा दुसरा रकाना वाचा. २०१९ मध्ये सोशल डेमोक्रॅटांची स्वतःची मतं वाढली नाहीत, २६.३ वरून २५.९ झाली. २०२२ मध्ये डॅनिश पीपल्स पार्टी आटली, तर डेन्मार्क डेमोक्रॅट्स हा नवा पक्ष ८.१ टक्के घेऊन उभा राहिला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोपनहेगनचं महापौरपद सोशल डेमोक्रॅटांच्या हातून गेलं. शंभराहून अधिक वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं. शहरातला मतदार डावीकडच्या दुसऱ्या पक्षाकडे सरकला होता.

बाहेर कुणी फारसं सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे आर्ने. बिअरच्या कारखान्यात आयुष्य घासलेला हा कामगार फ्रेडरिक्सन यांच्या प्रचाराच्या जाहिरातींत झळकला. ओळ होती, ‘आता आर्नेची पाळी’. लहान वयात कामाला लागलेल्या आणि शरीर झिजलेल्या माणसाला इतरांच्या आधी निवृत्त होता यावं, अशी ती मागणी होती. कायदा झाला, आणि २०२२ पासून ६१व्या वर्षी ४२ ते ४४ वर्षं काम झालेल्यांना एक ते तीन वर्षं आधी निवृत्तीचा हक्क मिळाला. लोक त्याला सरळ ‘आर्ने पेन्शन’च म्हणतात. शिवाय तिथे सरकारी किमान वेतन नाही. पगार ठरतो तो मालक आणि युनियन यांच्या करारातून, आणि सुमारे दोन तृतीयांश कामगार युनियनमध्ये आहेत. म्हणजे सरहद्दीचा कायदा कडक होण्याआधीच पगाराला खालून टेकू होता. बाहेरून आलेल्या माणसाला स्वस्तात राबवणं मालकाला तिथे सोपं नव्हतं.

या वाटेची किंमत ज्यांनी मोजली त्यांना मत नव्हतं. दमास्कस परिसरातल्या सीरियन निर्वासितांचे परवाने काढून घेतले गेले. तिथल्या तेव्हाच्या असद सरकारशी संबंध नसल्याने त्यांना परत पाठवताही येईना, म्हणून काही जणांची रवानगी ‘प्रस्थान केंद्रां’त झाली. डॅनिश शाळेत शिकलेली मुलं, भाषा येणारे आईबाप, आणि पुढे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हे मला मान्य होत नाही, आणि मतं मिळाली म्हणून ते मान्य व्हावं असंही वाटत नाही.

ब्रिटनने काय उचललं

२००४ मध्ये पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आले. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने आपली श्रमबाजारपेठ २०११ पर्यंत राखून ठेवली. ब्रिटनने पहिल्याच दिवशी दार उघडलं. सरकारने करून घेतलेला अंदाज होता वर्षाला ५ ते १३ हजार माणसांचा, आली त्याच्या कित्येक पट. ती सगळीकडे सारखी पसरली नाहीत. लिंकनशायरमधलं बॉस्टन घ्या. कोबीची शेतं, भाजी निवडून पाकिटं भरण्याच्या शेड, आणि माणसं पुरवणारे मुकादम. छोट्या गावात थोड्या वर्षांत दवाखान्याची रांग वाढली, भाडी वाढली, आणि कायम नोकरीच्या जागी मुकादमाकडची हजेरी आली. २०१६ च्या सार्वमतात बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडायच्या बाजूने मत दिलं, देशात सर्वाधिक.

अर्थशास्त्रज्ञांचा साधारण निष्कर्ष असा की स्थलांतरामुळे सरासरी पगारावर फारसा परिणाम झाला नाही, सगळ्यात कमी पगाराच्या कामगारांवर थोडा झाला. हे खरं आहे. पण सरासरीला भाडं भरावं लागत नाही. शेडमध्ये पाळी करणाऱ्याला देशाची सरासरी ऐकवली की तो समजतो, आपलं ऐकून घ्यायचं नाहीये.

सार्वमतानंतर ‘नियंत्रण’ येईल असं सांगितलं गेलं, आणि हुजूर पक्षाच्याच राज्यात २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांच्या वर गेलं. इथे मतदार फसवला गेला, दुसरा शब्द नाही. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष ३३.७ टक्के मतांवर सत्तेत आला. १ मे २०२५ ला रनकॉर्नची पोटनिवडणूक रिफॉर्म यूके या स्थलांतरविरोधी पक्षाने ६ मतांनी जिंकली, आणि बारा तारखेला पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी देश ‘अनोळखी माणसांचं बेट’ होईल असं भाषण केलं. पुढच्याच महिन्यात त्या शब्दांबद्दल त्यांनी खंतही व्यक्त केली. रिफॉर्मची जनमत चाचण्यांतली आघाडी वर्षअखेरपर्यंत टिकून राहिली. नोव्हेंबरमध्ये आश्रयाचे नियम डेन्मार्कच्या धर्तीवर कडक करण्याची घोषणा झाली. डिसेंबरात कामगारांच्या हक्कांचा मोठा कायदाही संमत झाला, पण त्याची चर्चा त्या भाषणाच्या पासंगालाही पुरली नाही. डेन्मार्कमधून सरहद्दीचा कायदा आला, आर्ने तिकडेच राहिला.

राज्यशास्त्रज्ञ वेर्नर क्राउझे, डेनिस कोहेन आणि तारिक अबू-शादी यांनी पश्चिम युरोपातल्या निवडणुका तपासल्या. मुख्य पक्षांनी उजव्यांची भाषा उचलल्याने उजव्यांची मतं घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मला यात नवल वाटत नाही. नक्कल करणारा पक्ष मतदाराला एवढंच सांगतो की पलीकडचा आधीपासून खरं बोलत होता.

जर्मनीतला कत्तलखाना

ही वाट सगळ्यात कमी चर्चेत आहे, म्हणून जरा थांबतो.

जून २०२०. रेडा-वीडेनब्र्युकच्या एका अवाढव्य कत्तलखान्यात दीड हजारांहून अधिक कामगारांना करोना झाला. आत कोण राबतं ते तेव्हा देशाने पाहिलं. रुमानिया, बल्गेरिया, पोलंडची माणसं, पण कागदावर त्यातले बहुतेक कारखान्याचे नोकर नव्हतेच. उपठेकेदार, त्याच्या खाली आणखी एक. राहायची जागा ठेकेदाराची, तिचं भाडं पगारातून कापलेलं, एका खोलीत कितीतरी जण. इतक्या स्वस्तात माणूस मिळत असताना जर्मन खाटकाला पूर्वीचा पगार कोण देणार?

कामगारमंत्री ह्युबर्टस हाइल यांनी यावर कायदा आणला. १ जानेवारी २०२१ पासून जनावर कापणं आणि मांसाचे तुकडे करणं या कामात ठेकेदारी बंद. करणाऱ्याला कारखान्यानेच नोकरीवर घ्यायचं, आणि कामाचे तास यंत्रावर नोंदवायचे. एकाही माणसाला सरहद्दीवर अडवलं नाही. अडवला तो त्याच्या स्वस्ताईवर पोसलेला धंदा. हजारो माणसं कायम नोकरीत आली, स्थानिक आणि परका यांचा पगार एकाच तक्त्यावर आला. मला हा खरा उपाय वाटतो, कारण तो दोघांना एकमेकांसमोर उभं करत नाही.

मतं मिळाली का? नाही, आणि हे पण सांगायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोशल डेमोक्रॅट १६.४ टक्क्यांवर घसरले. मतदानोत्तर पाहणीत कामगारांपैकी ३८ टक्के स्थलांतरविरोधी एएफडी पक्षाकडे होते, सोशल डेमोक्रॅटांकडे १२. कोळशावर मोठं झालेल्या गेल्सेनकिर्शेनमध्ये सर्वाधिक मतं एएफडीला गेली. तिथल्या मतदाराने कत्तलखान्याचा कायदा पाहिलाच नव्हता. त्याच्या गल्लीत पडीक इमारती होत्या. घरमालक त्यात रुमानिया-बल्गेरियाची कुटुंबं कोंबून भाडं उकळत होते, आणि जिन्यात कचरा साठत होता. पगाराचा तक्ता सुधारला, पण जिना कुणी साफ केला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत मात्र सोशल डेमोक्रॅटिक उमेदवारच निवडून आल्या.

स्पेन आणि ऑस्ट्रिया, थोडक्यात

स्पेनने दार बरंचसं उघडं ठेवलं आणि खालचा पगार उचलला. २०१८ मध्ये महिन्याला ७३५.९० युरो असलेलं किमान वेतन २०२५ मध्ये ११८४ युरो झालं. २०२२ मध्ये एका मताच्या फरकाने संमत झालेल्या कामगार सुधारणेने तात्पुरत्या नोकऱ्यांना लगाम घातला. व्होक्स हा स्थलांतरविरोधी पक्ष नोव्हेंबर २०१९ च्या १५.१ टक्क्यांवरून २०२३ मध्ये १२.४ वर आला. तरी हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. तिथे येणाऱ्यांपैकी पुष्कळांची मातृभाषाच स्पॅनिश आहे. शिवाय अंदालुसियातलं एल एहिदो विसरू नका. प्लास्टिकच्या छपराखालची भाजी आणि ती तोडणारे मोरोक्कन मजूर यांच्या त्या गावात २०१८ च्या प्रादेशिक निवडणुकीत व्होक्स पहिला आला. घरभाड्यावर सरकारला उत्तर सापडलेलं नाही, आणि तिथूनच ही वाट खचू शकते.

थेट लोकानुनयी पक्षालाच मत द्यावं का, असाही विचार मनात येतो. कोणी तोंड उघडत नव्हतं तेव्हा त्यांनी विषय काढला, हे श्रेय मी देतो. पण मग सत्ता मिळाल्यावर कामगारांसाठी काय केलं ते बघा. ऑस्ट्रियाचा फ्रीडम पक्ष २०१७ मध्ये सरकारात गेला. २०१८ च्या सप्टेंबरपासून त्या सरकारने दिवसाला १२ आणि आठवड्याला ६० तास कामाची मुभा मालकांना दिली. ब्रिटनमध्ये रिफॉर्मच्या खासदारांनी कामगार हक्कांच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. पगार आणि पाळी या दोन ठिकाणी ते मालकाच्या बाजूला बसले.

माझा कौल जर्मनीच्या कायद्याला आणि डेन्मार्कच्या आर्नेला, दोन्ही एकत्र. त्यात ब्रिटनच्या अनुभवातून एक अट घालतो. किती माणसं येणार हा आकडा सरकारने आधी सांगायचा, आणि ती जिथे येतील त्या गावात दवाखाना, शाळा आणि घरं यांचा पैसाही आधी पोचवायचा. तुमच्या मतदारसंघात तिन्ही एकत्र बोलणारा उमेदवार नसेल, तर ठेकेदारीवर कोण काय म्हणतो त्यावरून निवडा. युनियनच्या बैठकीत हात वर करायचा असेल, तर आधी बाहेरून आलेल्या कामगारांची सभासद नोंदणी त्यांच्या भाषेत सुरू आहे का ते विचारा. नसेल तर पहिला ठराव तोच मांडा.