अभिजात कादंबरीला जुनी चित्रं की नवी?

लेखकाच्या देखरेखीखाली काढलेली चित्रं असतील, तर माझं मत जुन्यांनाच. १८६५च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये जॉन टेनिएलची ४२ चित्रं आहेत आणि ‘ग्रिफिन म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर चित्र बघा’ असं मजकुरातच सांगितलंय (ग्रिफिन म्हणजे अर्धा गरुड, अर्धा सिंह असा काल्पनिक प्राणी). चित्र बदललं की हा ग्रिफिनही बदलणार. अडचण एकच: लाकडी ठशांच्या त्या बारीक रेघा स्वस्त छपाईत पार गिचमिड होतात.

‘मोबी डिक’चं तसं नाही. १८५१मध्ये ती चित्रांविनाच आली, त्यामुळे बिघडवण्यासारखं काही नव्हतंच. १९३० साली रॉकवेल केंटने ठसठशीत काळ्या-पांढऱ्या चित्रांनी ती सजवली आणि नव्या वाचकांच्या हाती पोचवली. गंमत म्हणजे तेव्हाच्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर केंटचं नाव होतं, मूळ लेखक मेलव्हिलचं नव्हतं!

नवी चित्रं फसतात ती बहुधा चेहऱ्यांत. लेखकाने मुद्दाम मोघम ठेवलेली नायिका चित्रकार पक्की करून टाकतो. त्यापेक्षा जहाजाची डोलकाठी, बग्गी, घरातल्या खोल्या नीट दाखवाव्यात. आजचा वाचक अडखळतो तो तिथेच.