डिचोलीच्या बाजारातील सेवा केंद्र: पेन्शन, दाखले आणि पूर्ण उत्तर

डिचोलीच्या बाजारात एका जिन्याखालच्या गाळ्यात हे सेवा केंद्र चालते. झेरॉक्सचे यंत्र, एक संगणक, अंगठा घेण्याचे उपकरण, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि फायलींनी भरलेले लोखंडी कपाट, एवढ्याने ती जागा भरून जाते. केंद्राचे नाव मी देत नाही. ज्या ताई ते चालवतात त्यांचीच तशी इच्छा आहे, आणि पुढे मला काही उणिवाही सांगायच्या आहेत. गेली दोन वर्षे सासऱ्यांच्या पेन्शनची, सासूबाईंच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची आणि माझ्या स्वतःच्या गृह आधार या गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेची सगळी कामे मी येथूनच करते, त्यामुळे हे मत एका दिवसाच्या अनुभवावर बनलेले नाही.

माझे सासरे खाणीवर यंत्रचालक होते. 2012 साली गोव्यातील खाणी बंद पडल्या त्याच्या थोडे आधी ते निवृत्त झाले आणि कर्मचारी पेन्शन योजना 1995 खाली त्यांना दरमहा हजाराहून थोडी अधिक पेन्शन सुरू झाली. या योजनेत किमान पेन्शन 1000 रुपये असावी असे 2014 साली ठरले, आणि ती पुरत नाही हे वेगळे सांगायला नको. तरीही ही रक्कम त्यांच्या स्वतःच्या कष्टाची आहे आणि ती खात्यावर जमा झाली की अंथरुणावरूनसुद्धा ते पासबुक मागून घेतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. त्यानंतरच्या वर्षी आम्ही त्यांना रिक्षात घालून एका दुसऱ्या दुकानात नेले आणि तेथे हयातीचा दाखला भरला. मोबाईलवर त्या दाखल्याच्या क्रमांकाचा, म्हणजे प्रमाण क्रमांकाचा, संदेश आला, काम झाले असे समजून आम्ही घरी आलो, आणि काही महिन्यांनी पेन्शन बंद झाली.

त्यानंतर मी जिथे जिथे विचारले तिथे तिथे मला उत्तर मिळाले. बँकेत सांगितले की वरून रक्कमच आलेली नाही. एका कार्यालयात सांगितले की दाखला मिळालेला नाही. मोबाईलवरचा संदेश दाखवला तेव्हा सांगितले की तो सिस्टिममध्ये दिसत नाही. यातले एकही उत्तर खोटे नव्हते, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी कोणते काम करावे हे त्यांतल्या एकातूनही कळत नव्हते. घरी आजारी माणूस एकटे ठेवून, सासूबाईंच्या हवाली करून, दोन कदंब बसगाड्या बदलून पणजीला जायचे आणि अर्धे उत्तर घेऊन परत यायचे, याला काय पडते ते खिडकीच्या पलीकडे बसलेल्या माणसाला बहुधा दिसत नाही.

एका शेजारणीच्या सांगण्यावरून मी जिन्याखालच्या या केंद्रात आले. ताईंनी जुना संदेश पाहिला, पेन्शनचा मूळ आदेश मागवला आणि त्यावरच्या पीपीओ क्रमांकातले, म्हणजे पेन्शन आदेशाच्या क्रमांकातले, दोन आकडे उलटसुलट पडल्याचे दहा मिनिटांत दाखवून दिले. त्यांनी जे समजावले ते मी येथे मुद्दाम लिहिते, कारण अनेक घरांत हीच चूक होत असणार. प्रमाण क्रमांक मिळणे याचा अर्थ दाखला तयार झाला एवढाच असतो. पेन्शन देणाऱ्या यंत्रणेने तो स्वीकारला की नाकारला हे जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्यांच्या सरकारी संकेतस्थळावर काही दिवसांनी वेगळे पाहावे लागते, आणि क्रमांक चुकला असेल तर तो नाकारला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे सासऱ्यांच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या पेन्शनधारकांना नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहण्याची गरज नसते. दाखला वर्षातून केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. नोव्हेंबरचा नियम केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्यातही ज्यांचे वय 80 च्या पुढे आहे त्यांना 1 ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. नवा दाखला स्वीकारला गेल्यावर पेन्शन सुरू झाली आणि थकलेले महिनेही एकदम जमा झाले.

नवा दाखला घेण्यासाठी ताई आमच्या घरी आल्या, त्या दुपारबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. सासऱ्यांची उजवी मूठ आवळलेली असते. आधीच्या दुकानात ती बोटे ओढून उघडण्याचा प्रयत्न झाला होता आणि ते कळवळले होते. डाव्या हाताच्या बोटांवर यंत्रे चालवून चालवून रेषा फारशा उरलेल्या नाहीत, त्यामुळे अंगठा उमटायला वेळ लागतो. ताईंनी मूठ पाहिली आणि उपकरण पिशवीतून बाहेरच काढले नाही. चेहरा ओळखून दाखला घेण्याची सोय नोव्हेंबर 2021 पासून आहे, तीच वापरू या, असे त्या म्हणाल्या. खोलीत उजेड कमी होता म्हणून आम्ही खाट खिडकीकडे फिरवली आणि मागे एक धुतलेली पांढरी चादर धरली. मोबाईलच्या पडद्यावर वर्तुळ आले आणि पापण्या मिटा-उघडा अशी सूचना इंग्रजीत आली. बाबांना ती वाचता येणार नव्हती आणि मराठीत सांगितलेलेही नीट उमजेना. तेव्हा ताई खाली गुडघ्यावर बसून हळू आवाजात कोकणीत म्हणाल्या, "बाबा, दोळे धांपात. आतां उगडात." दोनदा जमले नाही. तिसऱ्या वेळी सासूबाई मोबाईलच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःच डोळे मिटून उघडून दाखवले. बाबांनी त्यांच्याकडे पाहत तसेच केले आणि दाखला निघाला. ताईंनी बाबांना हात जोडून नमस्कार केला आणि मगच मोबाईल खिशात ठेवला. घरी येण्याचे त्यांनी माझ्याकडून 100 रुपये घेतले, आणि हेही सांगितले की 2020 पासून पोस्टमनही घरी येऊन हा दाखला काढून देतात, तेव्हा मी नसेन तर तुमच्या पोस्टात सांगा. स्वतःचे गिऱ्हाईक जाईल हे माहीत असूनही त्यांनी ते सांगितले, याचे मला मोल वाटते.

या केंद्राची खरी किंमत मात्र एका सवयीत आहे. कोणतेही काम झाले की ताई पाठकोऱ्या कागदाचा एक तुकडा फाडतात आणि त्यावर चार गोष्टी लिहून देतात: अर्जाचा क्रमांक, तो आता कोणाकडे आहे, कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची, आणि त्या तारखेला काही झाले नाही तर कुठे जायचे. सासूबाईंच्या दयानंद योजनेसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढायचा होता, तेव्हा मामलेदार कार्यालयाचा अर्ज भरून देताना त्यांनी असाच तुकडा दिला. सासऱ्यांचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढताना म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात न्यायचे कागदही त्याच क्रमाने लिहून दिले, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा गाडीत घालावे लागले नाही. प्रत्येक सरकारी खिडकीवर असा एकेक तुकडा मिळाला तर माझ्यासारख्या घरांचे अर्धे हेलपाटे वाचतील. लोकसेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याच्या हक्काचा कायदा गोव्यात 2013 पासून आहे. मुदत लिहून मागणे हा उपकार नाही हे मला या केंद्रातच पहिल्यांदा कळले.

भाषेचेही तेच. 1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली, परंतु अर्ज आणि सूचना बहुतांश इंग्रजीत येतात. ताई त्या वाचून त्यातला प्रत्येक रकाना मराठीत सांगतात आणि सही करण्यापूर्वी काय लिहिले आहे ते पुन्हा वाचून दाखवतात. सासूबाईंचे शिक्षण तिसरीपर्यंत झालेले आहे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अर्जावर तो समजून सही केली.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र येथेही मिळाले नाही, आणि तो दोष केंद्राचा नाही. जो माणूस चोवीस तास आजारी माणसाचे करतो त्याच्यासाठी सरकारकडे काय आहे, असे मी विचारले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 24 मध्ये सामाजिक सुरक्षेच्या ज्या बाबी मोजल्या आहेत त्यांत अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तीसाठी शुश्रूषा भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. केरळमध्ये आश्वासकिरणम् नावाची योजना आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणाऱ्याला तिच्याखाली दरमहा 600 रुपये ठरलेले आहेत. आमच्या वाड्यावरची एक मुलगी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या सेवेचे काम करते. ती सांगते की तेथे आठवड्याला किमान 35 तास घरच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला सरकारी भत्ता मागता येतो. 35 तास म्हणजे दिवसाला पाच. मी माझे तास मोजले. पहाटे कूस बदलणे, अंग पुसणे, पेज भरवणे, लघवीचे भांडे, दुपारची औषधे, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी पुन्हा कूस बदलणे, रात्री दोनदा उठणे. माझ्या हाती येणारी एकमेव सरकारी रक्कम म्हणजे गृह आधारचे दरमहा 1500 रुपये. ती योजना 2012 साली वाढत्या महागाईत घर चालवणाऱ्या गृहिणींसाठी आली. तिच्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. घरी कोणी अंथरुणावर आहे की नाही, हे मात्र तिच्यात कोणी विचारत नाही.

ताईंच्या सांगण्यावरून मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, मराठीत. पहिला मसुदा मी गाऱ्हाणे मांडावे तसा लिहिला होता आणि ताईंनीही तो तसाच टंकित केला होता. तेथे बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी तो वाचून सांगितले की या कायद्याखाली अभिलेखात असलेली माहिती मागता येते, एखादी गोष्ट का केली नाही असे विचारून उपयोग नसतो. तेव्हा शुश्रूषा भत्त्याविषयी झालेला पत्रव्यवहार, टिपण्या आणि आदेश यांच्या प्रती मागा. अर्ज तसा बदलला. 28 व्या दिवशी एका कार्यालयाकडून दोन ओळींचे उत्तर आले की मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. ती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवावा असे कायदा सांगतो, त्याचा उल्लेखही त्यात नव्हता. मुदतीत आले म्हणून ते उत्तर ठरले, परंतु तीस वर्षे खाणीत काम केलेल्या माणसाच्या घरी हा कागद मी मोठ्याने वाचू शकले नाही. पहिले अपील तीस दिवसांच्या आत केले आहे.

आता उणिवा. केंद्रात जायला दोन उंच पायऱ्या आहेत आणि चाकाची खुर्ची आत जात नाही; ज्या जागी मुख्यतः म्हातारी आणि अपंग माणसे येतात तेथे ही अडचण गंभीर आहे. दरांचा फलक नाही. माझ्याकडून कधी जास्त पैसे घेतले गेले असे मला वाटत नाही, परंतु नव्या माणसाला ते कसे कळावे? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोक आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो ताईंच्या मोबाईलवर पाठवतात आणि ते तेथेच साठून राहतात. मी ही गोष्ट बोलले तेव्हा त्यांनी माझे फोटो माझ्यासमोर पुसले, पण हा नियम सर्वांसाठी असायला हवा आणि तो भिंतीवर लिहिलेला असावा. योजनांची माहितीही कधी कधी जुनी असते. एकदा त्यांनी सांगितलेल्या कागदांत एक कमी पडला आणि मला परत यावे लागले. त्यांनी चूक मान्य केली आणि त्या दिवशीचे पैसे घेतले नाहीत.

बुधवारी आठवड्याचा बाजार असतो, त्या दिवशी जाऊ नये. इतर दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गर्दी कमी असते. जाताना पेन्शनचा मूळ आदेश, आधार, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल सोबत ठेवावा. नुसती चौकशी करायची असेल तर ताई पैसे घेत नाहीत, आणि स्वतःला ठाऊक नसेल तर ज्येष्ठ नागरिकांचा 14567 हा क्रमांक स्वतःच लावून फोन तुमच्या हातात देतात. तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. सासऱ्यांचा पुढचा दाखला कोणत्या तारखेच्या आत द्यायचा ते लिहिलेला कागदाचा तुकडा आमच्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आणि त्याच्या खाली मी अपिलाच्या सुनावणीची तारीख लिहिण्यासाठी जागा सोडली आहे.