उसाला आग: टँकर भरून ठेवावा की शेततळ्याला कायमचा पाईप टाकावा?

ऊसपट्ट्यात ज्यांच्याकडे शेततळंही आहे आणि ट्रॅक्टरही, त्यांना हा प्रश्न पडतोच की आगीसाठी एक टँकर भरून उभा ठेवावा, का तळ्यालाच सक्शन पाईप टाकून त्याचं तोंड रस्त्याकडेला काढून ठेवावं. अमेरिकेत खेड्यापाड्यात याला ड्राय हायड्रंट म्हणतात, पाईपात प्रेशर वगैरे काही नाही, पंप जोडायचा आणि ओढायचं. माझ्याकडे आता दोन्ही आहे, त्यामुळे अनुभवावरून सांगतो, तुमच्याकडची परिस्थिती वेगळी असू शकते.

टँकर आगीपर्यंत जातो, हा त्याचा मोठा गुण. कडब्याची गंजी, गोठा, बांधावरचं पाचट यासाठी 5,000 लिटर पुष्कळ झालं. पण उभ्या उसात आग शिरली की मिनिटाला हजार लिटर फेकणारा पंप तो पाच मिनिटांत रिकामा करतो. तालुक्याहून बंब आला तरी त्याच्या टाकीत साधारण 4,500 लिटरच असतं, आल्या आल्या तेही विचारतात, पाणी कुठंय?

आणि मला खटकलं ते इथंच. उसाची आग बऱ्याचदा तारा घासून लागते, म्हणून सगळ्यात आधी वायरमनला फोन करून लाईन बंद करायला लावतात, आणि ते करायलाच पाहिजे, तार खाली पडली असेल तर माणूस जाईल. पण लाईन बंद म्हणजे विहिरीची मोटर बंद, बोअर बंद. आमच्या शेजारचा फड पेटला तेव्हा टँकर एकदा ओतला आणि मग रिकामाच उभा, ट्रॅक्टर चालू, ड्रायव्हर सीटवर, आणि अख्ख्या शिवारात भरून द्यायला एक मोटर चालू नाही, तेही बांधापलीकडे तळं भरलेलं असताना! जळीत उसाचं वजन घटतं, कारखाना कपात करतो ते वेगळंच. त्या दिवसापासून माझं मन पाईपाकडे झुकलं.

पाईपाला लाईट लागत नाही, डिझेलचा सेल्फ प्रायमिंग (पाईपातली हवा स्वतःच काढणारा) पंप किंवा ट्रॅक्टरच्या शाफ्टवर चालणारा पीटीओ पंप पुरतो. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात, कडा उतरत्या धरून, 2,196 घनमीटर म्हणजे जवळपास 22 लाख लिटर बसतं, एप्रिलमध्ये निम्मं उरलं तरी दोनशेवर टँकर झाले. दुसरं म्हणजे तोंड कुंपणाबाहेर असल्यामुळे रात्रीच्या गडबडीत कुणी तळ्याच्या कडेला जात नाही. प्लास्टिकचा कागद टाकलेल्या तळ्यात पाय घसरला की वर येणं फार अवघड, मला वाटतं एवढ्या एका कारणासाठीसुद्धा पाईप टाकावा.

कटकटी यालाही आहेत. कागदाला भोक पाडता येत नाही म्हणून पाईप बांधावरून घ्यावा लागतो, खाली जुने टायर टाकून. पंप थिअरीत 10 मीटर खोलीवरून ओढतो पण प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरा, त्यामुळे फार खोल तळं असेल तर आधी मोजून घ्या. पाईपाच्या पाण्यातल्या टोकाची जाळी तळापासून दोनेक फूट वर ठेवा नाहीतर गाळ ओढते, शेवाळ साफ करावंच लागतं. आणि जॉइंट! उन्हानं वॉशर कडक झाला की जराशी हवा आत जाते आणि पंप नुसता घरघरतो, पाणी येत नाही. मी तोंडाला झाकण लावून ठेवतो, जादाचा वॉशर तिथंच तारेनं बांधलाय आणि होळीच्या आधी एकदा पंप लावून पाणी काढून बघतो. पंपाला जोडायचा तुकडा हिरवा कडक सक्शन पाईपच घ्या, गुंडाळी होणारा मऊ लपेटा पाईप ओढताना आत चिकटतो.

गावठाणात घरं जवळ असतील तर ग्रामपंचायतीच्या उंच टाकीला मोठा व्हॉल्व काढून घेणं बहुतेक स्वस्त पडेल, तिथून पाणी विनालाईट उतरतं, टाकी भरलेली असली पाहिजे एवढंच.

टँकर असेल तर विकू नका हां. पहिली दहा मिनिटं त्याचीच, पाईपावर तो परत परत भरता येतो. पण दोन्हीतलं एकच जमणार असेल आणि तळं उसाला लागून असेल तर मी तरी आधी पाईप टाकेन. फक्त खरेदीआधी जवळच्या नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात जाऊन त्यांच्या सक्शन होजचं कपलिंग बघून या, त्याच्या चुड्या (आटे) आपल्या शेतीच्या कपलिंगला बसत नाहीत, अडॅप्टर करून तिथंच टांगून ठेवावा लागतो.