ए-फाइव्ह स्केचबुक आणि दोन पेन्सिली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली आणि माझी चित्रकला तिथेच सुटली. चाळिशीनंतर पुन्हा सुरू करायचं म्हणून हौसेनं मोठं पॅड आणलं, ते कपाटावरच पडून राहिलं. मग गेल्या नोव्हेंबरात १५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या) कागदाचं हे छोटं स्केचबुक घेतलं. आता जुलै चालू आहे आणि चौथी वही संपत आलीये. ती पर्समध्ये मावते म्हणूनच एवढा सराव झाला, हे माझं ठाम मत.

सकाळी डोंबिवलीहून सुटणारी धीमी लोकल धरते, त्यामुळे बसायला मिळतं. पहिला महिनाभर सगळे चेहरे एकसारखे यायचे. समोरच्या बाईकडे मी नीट बघतच नव्हते. डोळा म्हणजे बदाम, असं डोक्यातलंच कागदावर उतरवत होते. शेवटी चेहरे सोडले आणि नुसते हात काढायला घेतले. समोर एक काकू मेथी निवडत बसायच्या. अंगठ्याचं नख देठाला टेकतं, तर्जनी मागून आधार देते आणि मध्ये एक बारीक तिकोनी फट राहते. त्या दिवशी बोटांच्या आधी ती फट काढली आणि पहिल्यांदा हात हातासारखा दिसला.

"माझाच हात ना गं? दाखव बघू," काकू म्हणाल्या. "अगं, अंगठी राहिली की!"

खरंच राहिली होती.

पेन्सिलींचं म्हणाल तर रोजची २बी, गडद सावलीपुरती ४बी. ६बीमध्ये ग्रॅफाइट जास्त आणि माती कमी, म्हणून ती मऊ आणि काळीभोर उठते. पण गर्दीत कोपराचा धक्का लागला की सगळं फासतं. गाडीत मी ती काढतच नाही.

आता तक्रारी. आधी एका दुसऱ्या कंपनीची डिंकानं चिकटवलेली वही घेतली होती, तिसऱ्या आठवड्यात पानं सुटली. ही शिवलेली आहे, सपाट उघडते, मांडीवर नीट बसते. मात्र पावसाळ्यात कागद दमट होतो आणि खोडरबर घासला की लव निघते. मळता येणारा रबर नुसता दाबून उचलायचा, मग कागद वाचतो. समोरासमोरची पानं एकमेकांवर उमटतात, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवते. जलरंगांसाठी मात्र ही वही घेऊ नका, पाणी लागलं की पान फुगतं.

रविवारी कधी पालिकेच्या इमारतीसमोर उभी राहून सीएसएमटी काढते. १८८८ साली पूर्ण झालेली ही वास्तू, नक्षी इतकी की नजर ठरत नाही. आधी खिडक्यांपासून सुरुवात करायचे आणि घुमटाला पानावर जागाच उरायची नाही. आता हात ताठ करून पेन्सिलीवर मापं घेते, आधी घुमटाची उंची, मग बाजूचे भाग. घुमट आता पानात बसतो. त्यावरची मशाल धरलेली मूर्ती अजून जमलेली नाही, येत्या रविवारी पाऊस उघडला तर पुन्हा जाईन.