लिएन चढवायचा की स्टॉप पेमेंट नोटीस द्यायची?

कॅलिफोर्नियात खासगी घराचं किंवा दुकानाचं काम केलंय आणि जीसी (जनरल काँट्रॅक्टर, म्हणजे मुख्य कंत्राटदार) पैसे देत नाही, तर सबकाँट्रॅक्टरकडे मुख्यतः दोन वाटा उरतात. एक, मालकाच्या मालमत्तेवर मेकॅनिक्स लिएन, म्हणजे बोजा चढवायचा. दुसरी, मालकाला स्टॉप पेमेंट नोटीस द्यायची. लायसन चालू आहे आणि काम सुरू केल्यापासून 20 दिवसांत प्रिलिमिनरी नोटीस (आपण या कामावर आहोत हे आधीच कळवणारा कागद) गेली आहे, असं धरून चालतो.

आमचं काम टाइल्सचं. दोन्ही वाटा तुडवून झाल्यात.

लिएनचा दरारा मोठा, यात वाद नाही. या राज्याच्या घटनेतच तो हक्क दिलेला आहे. मालकाने जीसीला पै न् पै चुकती केली असली तरी लिएन लागतो, आणि घर विकायला किंवा रिफायनान्सला काढलेलं असेल तर मालक स्वतःहून फोन करतो. महाराष्ट्रात पोटकंत्राटदाराच्या हाती असं काही नाही. तिथे बिल घेऊन चपला झिजवायच्या.

तरी माझं मन लिएनवरून उडालं ते नोंदणीनंतरच्या 90 दिवसांमुळे. काउंटी रेकॉर्डरकडे (मालमत्तेचे कागद नोंदवणाऱ्या सरकारी कचेरीत) लिएन नोंदवल्यापासून तेवढ्या मुदतीत कोर्टात दावा लावला नाही, तर तो निकामी होतो. जीसी लोकांना हे तोंडपाठ असतं. आमच्या एका बाथरूमच्या कामात लिएन नोंदवल्याबरोबर जीसीची भाषा एकदम मऊ झाली. आधी ‘ड्रॉ (कामाचा हप्ता) आला की चेक देतो’, मग ‘मालक सुट्टीवर गेलाय’, मग ‘निम्मे आत्ता घेता का?’ बोलणं इतकं गोड की रागावताही येईना, आणि दिवस मात्र सरत होते. मुदत वाढवून मिळते, नाही असं नाही. पण त्या कागदावर मालकाची सही लागते आणि तोही रेकॉर्डरकडे नोंदवावा लागतो. जीसीच्या तोंडी शब्दाला तिथे काडीची किंमत नाही. शेवटी दावा लावला तेव्हा पैसे सुटले, पण नफा वकिलाच्या बिलात गेला. वकिलाची फी लिएनच्या रकमेत घालता येत नाही.

स्टॉप पेमेंट नोटीस घराला हात लावत नाही, ती न दिलेल्या पैशांना धरते. नोटीस पोचली की मालकाने जीसीला द्यायच्या रकमेतून आपल्या मागणीएवढे पैसे अडवून ठेवायचे. (पेमेंट बाँड, म्हणजे पैसे चुकते होतील अशी हमी, नोंदवलेला असेल तर मालकाची त्यातून सुटका होते.) मग घाई जीसीला होते, कारण त्याचाच हप्ता अडलेला असतो. दाव्याची मुदत इथेही आहे, पण माझ्या वेळी तिथवर जावं लागलं नाही. मालकिणीशी संबंधही टिकले. पुढे त्यांनी शेजारच्यांचं काम आम्हाला मिळवून दिलं.

उणीव एकच, पण मोठी: मालकाने सगळे पैसे आधीच देऊन टाकले असतील तर नोटिशीच्या हाती काही लागत नाही. बांधकामाचं कर्ज असेल तर बँकेलाही नोटीस देता येते, मात्र बँकेवर सक्ती हवी असेल तर मागणीच्या 125 टक्क्यांचा बाँड जोडावा लागतो. छोट्या बिलासाठी तो खटाटोप परवडेलच असं नाही.

तेव्हा हप्ते बाकी असतील तर मी आधी नोटीस देईन. पैसे संपले असतील तर लिएनला पर्याय नाही. तो नोंदवतानाच वकील ठरवून ठेवलेला बरा. दोन्ही एकाच वेळी करायलाही कायद्याची आडकाठी नाही. दोन्हींसाठी काम पूर्ण झाल्यापासून 90 दिवस मिळतात, पण मालकाने नोटीस ऑफ कम्प्लिशन (काम पूर्ण झाल्याची नोटीस) नोंदवली तर त्या तारखेपासून फक्त 30. मालक स्वतः राहतो त्या घराच्या बाबतीत ही नोंद तुम्हाला कळवायचं बंधन त्याच्यावर नाही, म्हणून काम संपत आलं की रेकॉर्डरकडची नोंद अधूनमधून आपणच तपासायची.