मुलींची नवी सॉफ्टबॉल टीम उभी करायला घेतलेला बिगिनर सेट, चार महिने वापरून झाल्यावर

पाचपैकी चार स्टार. एक कुठे गेला ते खाली लिहिलंय, आणि तो मी विचार करूनच कापलाय.

आधी हा सेट घ्यायची वेळ का आली ते सांगते. आम्ही दहा ते बारा वर्षांच्या मुलींची टीम अगदी शून्यातून सुरू करत होतो, एकीनेही आधी सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ) हातात घेतलेला नव्हता. पोस्टर लावले, पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकले, पहिल्या रविवारी नऊ मुली आल्या. मैदानात उतरायला नऊच लागतात, त्यामुळे मला वाटलं झालंच काम, मी तर शॉर्टस्टॉप कोण आणि फर्स्ट बेस कोण, म्हणजे फिल्डिंगला कोणी कुठे उभं राहायचं, हेही मनात मांडायला लागले. आणि मग मी मॅचचा बॉल काढला. १२ इंच घेराचा, १८० ग्रॅमच्या आसपास वजन, नावात सॉफ्ट असलं तरी हाताला चांगला कडक लागतो. दुसऱ्याच कॅचला एकीच्या बोटावर बसला. फार काही झालं नाही, थोडी सूज आली, पण ती रडली आणि बाकीच्या आठजणींनी ते बघितलं. पुढच्या रविवारी चार मुली. पोस्टरचा दोष नव्हता, पहिल्या दहा मिनिटांत मुलीला काय वाटतं यावरच ती परत येणार की नाही हे ठरतं, आणि ती दहा मिनिटं मी घालवली होती.

मग हा सेट मागवला. सहा मऊ बॉल, रबरी टी (बॉल वर ठेवून मारायचा उभा दांडा), एक हलकी ॲल्युमिनियमची बॅट, चार सपाट बेस (पळताना गाठायच्या चकत्या) आणि सहा ग्लोव्हज. असे सेट बऱ्याच कंपन्या काढतात, आतलं सामान साधारण हेच असतं.

बॉलला पूर्ण मार्क. ११ इंची आहे, १० वर्षांखालच्या गटात हाच साईज चालतो, त्यामुळे लहान हाताची बोटं शिवणीपर्यंत नीट पोचतात. आतला गाभा स्पंजसारखा, चेहऱ्यावर लागला तरी मुलगी दचकते आणि पुढचा बॉल घ्यायला उभी राहते. कॅच घेताना मान वळवणाऱ्या मुली दुसऱ्या दिवशी बॉलकडे बघायला लागल्या, हे मी स्वतः बघितलं. फक्त ओल्या गवतावर खेळलात तर पाणी पितो आणि जड होतो, वाळवून ठेवा. आणि फार दिवस यावरच राहू नका, आम्ही सहा आठवड्यांनी रोज थोडा वेळ खरा बॉल आणला, नाहीतर मॅचला गेल्यावर पुन्हा तीच भीती.

पण मुली खरंच कोणी आणल्या असतील तर त्या टीने. नवीन मुलीला १२ मीटरवरून अंडरआर्म फिरवून टाकलेला बॉल लागतच नाही, दहा वेळा बॅट हवेत जाते आणि ती म्हणते मला नाही जमत. टीवर ठेवलेला बॉल तिसऱ्या-चौथ्या फटक्याला लागतोच लागतो, आणि तो ठण्ण आवाज आला की चेहराच बदलतो हो! आमच्या तिघीजणी तर ट्रायलला आल्याच नव्हत्या, बहिणीला सोडायला आलेल्या, कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यांना नुसतं "ये, एक मारून बघ" म्हटलं. पुढच्या वेळी त्या मैत्रिणी घेऊन आल्या. आज चौदा आहेत.

टीचा बूड मात्र हलका आहे, जोरात मारलं की आडवा होतो, आम्ही त्यावर वाळूची पिशवी ठेवतो. वरचं रबर तिसऱ्या महिन्यात चिरलं, जास्तीचा तुकडा सेटमध्ये द्यायला हवा होता. बॅट ठीक.

बेस साधे आहेत पण कामाचे. दोन बेसमधलं खरं अंतर १८ मीटरच्या थोडं वर असतं, आम्ही १२ वर लावले. फर्स्ट बेस ओलांडून पुढे पळत गेलं तरी चालतं हे कळल्यावर मुली मोकळ्या पळायला लागल्या, आणि बॅटिंगला मागे राहणारी एक मुलगी सगळ्यात वेगवान निघाली, ती मला नुसत्या फटक्यांवरून कधीच सापडली नसती.

आता तो एक स्टार. सहाच्या सहा ग्लोव्हज डाव्या हातात घालायचे, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी. आमच्याकडे एक डावखुरी आली, तिने गुपचूप तोच ग्लोव्ह चढवला आणि उजव्या हाताने फेकायला लागली, बॉल कुठेही जायचा. तिला वाटलं चूक आपलीच आहे. अर्ध्या तासाने लक्षात आलं तोपर्यंत ती बाजूला जाऊन बसली होती, आणि अशी मुलगी उठून घरी गेली की परत येत नाही. सहातला एक तरी उलटा ग्लोव्ह ठेवायला कंपनीचं काय जातं? डावीकडून बॅटिंग करणारी तर फर्स्ट बेसला दोन पावलं जवळ असते, अशी मुलगी कोणत्याही टीमला हवीच असते. तिच्यासाठी ग्लोव्ह वेगळा घेतला. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या ट्रायलच्या आधीच एक मागवून ठेवा.

कॅचरचा (बॅटिंग करणारीच्या मागे बसून बॉल झेलणारीचा) मास्क आणि पॅड यात नाहीत, बॅटिंगचं हेल्मेटही नाही, ते वेगळं घ्यावंच लागेल.

पालक विचारतात या खेळात पुढे काय, तर १९९६ ला ऑलिंपिकमध्ये आला, २००८ नंतर गेला, टोकियोत परत आला आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा आहे, एवढं सांगितलं की बरेच जण ऐकून घेतात. मुलींना मी युकिको उएनोबद्दल सांगते, २००८ मध्ये दोन दिवसांत ४१३ बॉल टाकून जपानला गोल्ड मिळवून देणारी. ते ऐकल्यापासून आमची डावखुरी सरावानंतर सेटमधला एक बॉल घरी मागून नेते, भिंतीवर अंडरआर्म टाकत बसते म्हणे. त्यामुळे सहातले पाचच बॉल मैदानात असतात, दुसरा सेट घ्यायचा विचार चालू आहे.