सिलिका चढवलेले चुंबकी बीड्स : हिवाळा ते नवतपा, नागपुरातला अनुभव

हे बीड्स म्हणजे डीएनए धरून ठेवणारे, चुंबकाने गोळा होणारे बारीक मणी. ऑक्टोबर ते जून ते एकाच कामाला होते. सिकलसेल तपासणीसाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतल्या २०० मायक्रोलिटर रक्तातून डीएनए काढायचा, मग पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणे) आणि शेवटी डीडीई-१ एन्झाइमने कापणी. बीटा ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरी सांकेतिक शब्दात) जीएजीचे जीटीजी झाले की या एन्झाइमची कापायची जागाच जाते. डीएनए स्वच्छ नसेल तर निरोगी नमुनाही अर्धवटच कापला जातो आणि जेलवर (जिथे कापलेले तुकडे लांबीनुसार वेगळे दिसतात) वाहकासारखा दिसतो. म्हणून या कामात शुद्धतेला पर्याय नाही.

बीड्स चांगलेच आहेत. अडचण आहे ती बीड्सबरोबर येणाऱ्या पत्रकातल्या ‘खोलीच्या तापमाना’ची. ते साधारण २५ अंशांचे असते. नागपूरच्या खोलीत मे महिन्यात ते कुठे मिळणार?

कृती अशी. २० मायक्रोलिटर प्रोटिनेज-के, २०० रक्त, २०० ग्वानिडीनचे लायसिस (पेशी फोडणारे) बफर, ५६ अंशांवर १० मिनिटे. नळी निवल्यावर आयसोप्रोपेनॉल आणि २० मायक्रोलिटर बीड्स, मग ५ मिनिटे सतत हलवणे. बीड्सची बाटली प्रत्येक वेळी व्हर्टेक्स करावी (यंत्रावर जोरात घुसळावी), आणि २४ नळ्या भरायच्या असतील तर मध्येही दोनदा. नाहीतर बीड्स तळाशी बसतात, कोणत्या नळीत किती गेले याचा भरवसा राहत नाही आणि डीएनए कमी-जास्त निघतो. बहुतेक जण दोष रक्ताला देतात, पण तो इथे असतो.

मग नळी चुंबकाच्या रॅकवर ठेवली की बीड्स बाजूला ओढले जाऊन द्रव १–२ मिनिटांत नितळ झाला पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णांत पांढऱ्या पेशी बऱ्याचदा वाढलेल्या असतात. मग लायसेट (पेशी फुटलेले मिश्रण) चिकट होते, बीड्सची तार निघते आणि ती टिपबरोबर वर येते. अशा वेळी बीड्स वाढवून उपयोग नाही. रक्तच १०० मायक्रोलिटर घ्यावे आणि ५६ अंशांवरचा वेळ वाढवावा.

‘नॅनो’ या शब्दावर भाळून सर्वात बारीक कण घेऊ नयेत. चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानाबरोबर वाढते. १०–२० नॅनोमीटरचे सुटे कण साध्या रॅकवर लवकर गोळाच होत नाहीत. आत असे बारीक मॅग्नेटाइट स्फटिक आणि बाहेर सिलिकाचे कवच, असा अर्ध्या ते एक मायक्रॉनचा बीड रोजच्या कामाला बरा. चुंबक काढला की तो पुन्हा सुटा होतो, कारण आतल्या स्फटिकांत चुंबकत्व उरत नाही.

धुण्यात उन्हाळा घात करतो. ८० टक्के इथेनॉलची बाटली दिवसभर उघडी-झाकी होत राहिली की पाण्याआधी इथेनॉल उडते, आणि इथेनॉल उतरले की सिलिकाला धरलेला डीएनए धुण्याबरोबर जातो. एप्रिलपासून रोज लागेल तेवढेच ताजे बनवावे, झाकण घट्ट ठेवावे. दोनदा ५०० मायक्रोलिटरने धुवावे. दर वेळी नळी रॅकवरून काढून बीड्स नीट मोकळे करावेत. दुसऱ्या धुण्यानंतर नळी क्षणभर फिरवून पुन्हा रॅकवर ठेवावी आणि तळाचा शेवटचा थेंब १० मायक्रोलिटरच्या टिपने काढावा. या एका पायरीने वाळवणीचा वेळ बराच घटतो.

वाळवणी घड्याळाकडे नव्हे, बीड्सकडे बघून करावी. ओली चकाकी गेली, पण रंग अजून गडद आहे, तिथे थांबावे. नवतप्याच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) कोरड्या हवेत पत्रकातली १० मिनिटे दिली तर बीड्सच्या थराला भेगा पडतात आणि डीएनए सोडवून घेण्याच्या (इल्युशनच्या) बफरमध्ये तो सुटत नाही. डेझर्ट कूलर सुरू असेल तर उलट होते: हवा दमट, इथेनॉल मागे राहते आणि पीसीआर अडतो. कूलरच्या झोतात नळ्या उघड्या ठेवूच नयेत, धूळही येते.

थराला भेगा पडल्याच, तर १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५, ६० अंशांपर्यंत तापवून घालावे आणि १० मिनिटे हलवावे. बराच डीएनए परत मिळतो.

हिवाळ्याची तक्रार वेगळी. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी लायसिस बफरमध्ये खडे दिसतात. ३७ अंशांवर ते पूर्ण विरघळवूनच वापरावे.

शुद्धता मोजताना २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाश-शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास येऊनही २३० ला आकडा बिघडला असेल तर ग्वानिडीन उरले आहे. धुणे कमी पडले. ३२० ला वाचन वर असेल तर इल्युशनमध्ये बीड्स आले आहेत. नळी पुन्हा २ मिनिटे रॅकवर ठेवून वरचा द्रव नव्या नळीत घ्यावा. तपकिरी झाक असलेला डीएनए तसाच पीसीआरला लावू नये.

बीड्स २ ते ८ अंशांवर ठेवावेत, गोठवू नयेत. एकदा गोठले की गुठळ्या होतात. रॅक ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नये, ८० अंशांपुढे साधा निओडिमियम चुंबक कमजोर पडतो. आणि ग्वानिडीनच्या टाकाऊ द्रवात ब्लीच कधीही ओतू नये, विषारी वायू निघतो. त्या द्रवाची बाटली वेगळी ठेवून तिच्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे, म्हणजे सफाईला येणाऱ्या ताई-दादांनाही ते वाचता येईल.

आठवड्याला चार-पाचच नमुने असतील आणि रक्त मुबलक मिळत असेल, तर मिठाने प्रथिने बसवण्याची जुनी पद्धत स्वस्तात भागवते. एका वेळी २४ नळ्या हाताळायच्या असतील, किंवा रक्तातल्या गाठींनी कॉलम (डीएनए गाळून घेण्याच्या सिलिकाच्या जाळीच्या नळ्या) तुंबत असतील, तर हे बीड्स घ्यावेत.